लेकराचे जुलाब आणि औषधाची घाई

उन्हाळ्यात तळ गाठलेल्या विहिरीत पहिल्या पावसाचे गढूळ पाणी उतरते आणि उदगीर परिसरात लहान लेकरांचे जुलाब सुरू होतात. दवाखान्यात मागण्या दोनच: जंतू मारणारे औषध द्या, सलाईन लावा. आईबापाचा जीव टांगणीला लागलेला असतो, त्यामुळे ही घाई समजते. तरीही ती बहुतेक वेळा चुकीच्या दिशेची असते. पाच वर्षांखालच्या मुलांचे पुष्कळसे जुलाब विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालतच नाही. रोटाव्हायरसची लस महाराष्ट्रात 2019 पासून सरकारी लसीकरणात मिळते, ती त्यासाठीच. साल्मोनेलासारख्या जिवाणूचा साधा संसर्गही धडधाकट मुलात आपोआप बरा होतो. औषधाने तो लवकर आटोपत नाही, उलट आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून जुलाब लांबू शकतात.

लेकरू दगावते ते अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. याचा सर्वांत ठाम पुरावा 1971 चा आहे. बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण तोंडाने पाजायला लावले. सुमारे 30 टक्क्यांवर गेलेले मृत्यू 4 टक्क्यांच्या खाली आले. पटकी हा जिवाणूंचाच आजार, हे इथे विसरू नये. आतडे सुजलेले असतानाही ग्लुकोज आणि सोडियम एकत्र आत ओढले जातात आणि त्यांच्यामागून पाणी शिरते, म्हणून हे साधते. जोडीला 14 दिवस झिंक द्यायचे, अंगावरचे दूध आणि जेवण चालू ठेवायचे.

‘पाजले की आणखी होते,’ ही आयांची तक्रार खोटी नाही. ओआरएस, म्हणजे हेच मीठ-साखरेचे द्रावण, जुलाब थांबवत नाही, गेलेले भरून काढते. हे आधी नीट न सांगितल्यामुळेच त्यावरचा विश्वास उडतो. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा द्यावे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: देवणी-जळकोटच्या तांड्यावरून उदगीर गाठायचे, शौचाच्या कल्चरचा अहवाल दोन-तीन दिवसांनी येणार, मग औषध आधीच का देऊ नये? कारण महत्त्वाचा अपवाद डोळ्यांनीच दिसतो. शौचात रक्त असेल तर तो बहुधा शिगेला नावाचा जिवाणू, आणि तिथे अँटिबायोटिक त्याच दिवशी, वजनाप्रमाणे, डॉक्टरांच्याच हातून सुरू व्हायला हवे. तीन महिन्यांखालचे तापलेले बाळ, कुपोषित मूल, पटकीचा संशय यांनाही थांबवून ठेवू नये. डोळे खोल गेलेले, मलूल पडलेले, पिऊ न शकणारे लेकरू असेल तर सलाईनला उशीर नको. पण ज्याला गरज नाही त्याला दिलेले, अर्धवट सोडलेले औषध शिगेलाला निबर करते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनला दाद न देणारा शिगेला 2017 मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या चिंतेच्या यादीत आला आहे.

ओआरएसची पुडी पूर्ण फोडून, तिच्यावर लिहिलेल्या मापाइतक्याच स्वच्छ पाण्यात मिसळावी. मोठी पुडी असेल तर एक लिटर. अर्धी पुडी, अंदाजाचे पाणी नको. दुकानातली गोड पेयेही नकोत. ओआरएसच्या ठरलेल्या सूत्राबाहेरच्या पेयांवर ‘ओआरएस’ शब्द छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये बंदी घातली. खरी पुडी आशाताईंकडे फुकट मिळते, आणि पहिल्या पातळ शौचालाच ती फोडायची असते.