सहलीला जाताना शेत घरीच ठेवून जा!



गळीत हंगाम आटोपला की आपल्या गावागावांतून गाड्या भरून माणसे बाहेर पडतात. कोणी कोकणात, कोणी महाबळेश्वरला, कोणी अष्टविनायकाला. चांगली गोष्ट आहे. पण परत आलेल्या सभासदाला आम्ही शेतकी ऑफिसात विचारतो, "काय, विश्रांती मिळाली का?" तर उत्तर ठरलेले असते, "कसली विश्रांती साहेब, अंग नुसतं आंबून गेलंय. आता दोन दिवस झोपतो, म्हणजे बरं वाटंल."

म्हणजे पैसे गेले, चार दिवस गेले आणि शीण आहे तिथेच राहिला. एरवी आम्ही या पानावर बेणे, खते व पाणी याविषयी लिहितो. आज विश्रांतीविषयी लिहीत आहोत, कारण तीही नियोजनाशिवाय साधत नाही.

बैलाला सुट्टी, मालकाला नाही

बेंदराच्या आदल्या दिवशी आपण बैलाचा खांदा मळतो. सणादिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. "आज अर्धाच दिवस औत धर" असे त्याला कोणी म्हणत नाही. मालकाच्या मानेवरचे जू मात्र बारा महिने तसेच. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने रानात उभा असतो. त्याचा खोडवा ठेवला की पुढे आणखी वर्षभर. लागणीपासून खोडवा तुटेपर्यंत दोन-अडीच वर्षे होतात. या काळात पीक कधी आपण होऊन सुट्टी देत नाही. रात्रपाळीची वीज असली की मध्यरात्री बॅटरी घेऊन रानात जायचे आणि सकाळी पुन्हा दूध घालायला डेअरीवर. सतत झोपमोड होत राहिली तर रक्तदाब व साखरेचा त्रास वाढू शकतो, असे डॉक्टर सांगतात. पंचेचाळिशी ओलांडलेल्या सभासदांनी ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये.

शीण उतरत का नाही?

आमच्या पाहण्यात याची मुख्य कारणे दोन. पहिले म्हणजे शरीर सहलीला जाते, पण मन विहिरीवरच राहते. समोर समुद्र असतो आणि मालक मोबाईलवर विचारत असतो, "मोटार चालू झाली का? बारं मोडलं का? म्हैस किती दिली?" दुसरे म्हणजे आपण ठिकाणे मोजतो. तीन दिवसांत नऊ देवस्थाने आणि दोन किल्ले! पहाटे चारला उठायचे, रांगेत उभे राहायचे, गाडीत जेवायचे. ही उसाच्या तोडणीपेक्षा काही हलकी पाळी नव्हे.

येथे वारीचे उदाहरण घ्यावे. आषाढी वारीत माणूस आळंदी किंवा देहूहून पंढरपूरपर्यंत अडीच-तीन आठवडे पायी चालतो. पाय दुखतात, पावसात भिजतो, तंबूत झोपतो. तरीही घरी येतो तो हलका होऊन. भक्ती तर आहेच, पण आणखी एक कारण आहे. केव्हा उठायचे, कोठे थांबायचे, काय जेवायचे हे सारे दिंडी ठरवते. वर्षभर प्रत्येक गोष्टीचा निर्णय घेऊन दमलेल्या डोक्याला तेवढे दिवस काहीच ठरवायचे नसते. शिवाय घर सोडतानाच तो रान कोणाच्या तरी हवाली करून निघालेला असतो. तात्पर्य, विश्रांती म्हणजे नुसते पडून राहणे नव्हे. विश्रांती म्हणजे अंगावरची जबाबदारी काही दिवस खाली उतरवून ठेवणे.

केव्हा जावे?

पिकाला आपली गरज कमी असेल तेव्हा जावे. आपल्या भागात असे दोन काळ सापडतात.

पहिला काळ खोडव्याची कामे उरकल्यावरचा. ऊस तुटल्यानंतर पंधरा दिवसांच्या आत बुडखे जमिनीलगत छाटावेत, पाचट न जाळता सरीत पसरावे, पहारीने खताचा पहिला हप्ता द्यावा व पाणी द्यावे. पाचटाखाली ओल टिकते, त्यामुळे पाण्याची पाळी लांबते. ज्याने पाचट पेटवले, त्याच्या रानाला पाण्याची घाई, म्हणून त्याच्या पायात दोरी. ज्याने राखले, त्याला चार दिवस मोकळीक. मात्र सुरू ऊस असेल तर मोठ्या बांधणीचे दिवस टाळावेत. जानेवारीतील लागणीची बांधणी साधारण मे महिन्यात येते.

दुसरा काळ गणपती विसर्जनापासून घटस्थापनेपर्यंतचा. आडसालीची लागण झालेली असते, पूर्वहंगामीला अजून अवकाश असतो आणि पावसामुळे बहुधा पाण्याची ओढ नसते. आडसालीचा सहा ते आठ आठवड्यांचा खताचा हप्ता तेवढा देऊन निघावे. पितृपक्षात लग्नकार्ये नसतात. घरच्या श्राद्धाची तिथी सांभाळून गेल्यास गर्दीही कमी लागते. शाळेमुळे ज्यांना मे महिन्यातच जाणे भाग आहे, त्यांनी पाण्यासाठी भरवशाचा माणूस नेमल्याशिवाय निघू नये. त्या उन्हात ताण बसलेला ऊस नंतर भरून येत नाही.

निघण्यापूर्वी

१. सावड करा. बांधाला बांध असलेल्या दोघा सभासदांनी ठरवावे : या वेळी तू जा, तुझे पाणी मी पाहतो, पुढच्या वेळी मी जाईन. पेरणी-भांगलणीला सावड चालते, मग विश्रांतीला का चालू नये? बांधावरून भाऊबंदकी असेल तर ती मिटवण्याचेही हे एक निमित्त होईल.

२. पाण्याची पाळी कागदावर लिहून द्या. कोणत्या गटाला कोणत्या दिवशी, कोणत्या दंडाने, किती वेळ. फ्यूज कोठे आहे, मोटार दुरुस्त करणाऱ्याचा नंबर कोणता, हेही लिहा. तोंडी सांगितलेले दहा वेळा विचारावे लागते. लिहिलेले विचारावे लागत नाही.

३. म्हैस परक्या हाताला पान्हा चोरते. म्हणून सांभाळणाऱ्याला चार-पाच दिवस आधीपासून आपल्याबरोबर धारेला बसवा. वैरण कापून व पेंड मोजून ठेवा.

४. सोसायटीचा हप्ता, वीजबिल यांची तारीख येत असेल तर आधी भरा. कर्ज काढून सहल करू नये. परतीच्या वाटेवर देण्याची चिंता सुरू झाली, तर काय विश्रांती झाली?

५. फोनची एकच वेळ ठरवा, समजा संध्याकाळी सात. तेवढ्यात जे सांगायचे ते सांगावे. बाकी वेळ फोन पिशवीत. शेतात तसाच प्रसंग आला, तर सांभाळणारा आपण होऊन फोन करीलच.

ठिकाण एक, मुक्काम तीन

एकच ठिकाण निवडा आणि तेथे तीन रात्री राहा. आपण कृष्णाकाठची माणसे, म्हणून महाबळेश्वरचेच उदाहरण घेऊ. बहुतेक जण सकाळी पोचतात, दिवसभरात दहा पॉइंट उरकतात आणि रात्री घाट उतरतात. कोणता पॉइंट कोणता, हे घरी आल्यावर सांगता येत नाही. त्याऐवजी एक सकाळ क्षेत्र महाबळेश्वरला द्या. पंचगंगेच्या मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री या पाच नद्यांचे उगम मानले जातात. तेथे गोमुखातून हातभर रुंदीचे पाणी पडताना दिसते. हीच कृष्णा पुढे सुमारे १,४०० किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते आणि वाटेत आपला ऊस वाढवते. ज्या पाण्यासाठी आपण वर्षभर धावतो, त्याच्याजवळ तासभर नुसते बसावे. दुपारी जेवून झोपावे. संध्याकाळी एखादाच पॉइंट पाहावा. एवढे पुष्कळ झाले. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र तेथे धुके व मुसळधार पाऊस असतो, तेव्हा ते महिने टाळावेत.

रात्रीचा प्रवास करू नये. एक दिवस वाचवण्यासाठी दमलेल्या माणसाने रात्री घाटात गाडी चालवणे धोक्याचे आहे. हंगामात तर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, हे आपल्याला सांगायला नकोच.

घरच्या बाईची सुट्टी

हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पुष्कळ सहलींत स्टोव्ह, पातेली, पिठाचा डबा सगळे बरोबर असते. पुरुष झाडाखाली पत्ते खेळतात आणि बायका तिथेही भाकऱ्या थापतात. मग तिची चूल नुसती घरातून माळावर गेली, एवढेच! धारा, वैरण, भांगलण, स्वयंपाक, म्हाताऱ्यांचे औषधपाणी, मुलांची शाळा, एवढे काम ओढणाऱ्या बाईला वर्षात तीन दिवस तरी आयते ताट मिळाले पाहिजे. पैसे कमी असतील तर एक ठिकाण कमी करा, पण जेवण खानावळीत घ्या. कोठे जायचे हेही एकदा तिला विचारा. माहेरी चार दिवस राहावे असे ती म्हणाली, तर तेही मान्य करा. मात्र तिच्यामागे घरची चूल पुरुषांनी सांभाळावी.

परत आल्यावर

नेदरलँडमधील अभ्यासकांनी २००९ साली या विषयावरची अनेक संशोधने एकत्र करून पाहिली. सुट्टीने तब्येत व मन सुधारते, पण पुन्हा काम सुरू झाल्यावर तो फायदा लवकरच ओसरतो, असे त्यांना दिसले. एकदाच मोठा डोस दिलेल्या खताचे होते तसेच हे. म्हणून आमची शिफारस अशी की, विश्रांतीही हप्त्याहप्त्याने घ्यावी. वर्षातून दोनदा तीन-तीन दिवस बाहेर आणि महिन्यातून एक दिवस घरीच मोकळा. त्या दिवशी धारा काढाव्यात, बाकी कामाला हात लावू नये. शिवाय सहलीवरून परतल्यावर पहिला दिवस मोकळा ठेवावा. आल्या पावली खुरपे हातात घेऊ नये.

पाणीपाळीचा तक्ता कसा लिहावा, आपल्या लागणीच्या तारखेप्रमाणे कोणते दिवस मोकळे सापडतील, याविषयी गट ऑफिसातील शेतकी मदतनीसास विचारावे. लागणीची नोंद त्याच्याकडे असतेच. तारीख पाहून तो आपल्याला चार दिवस काढून देईल.

— ऊस विकास अधिकारी