जड ट्रकचे एअर ब्रेक : दोष कसा शोधावा आणि दुरुस्त करावा

प्रस्तावना

नाशिक जिल्ह्यातून कांदा किंवा द्राक्षे भरून निघालेला ट्रक दिल्लीच्या आझादपूर मंडईत माल उतरवतो. परतीचा माल मिळेपर्यंत तो बहुधा संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगर किंवा गाझियाबाद, फरीदाबाद, गुरुग्राम अशा ठिकाणी उभा असतो. पुढे आग्रा रस्त्याने परत येताना इंदूरच्या पुढे गणपती घाट आणि महाराष्ट्राच्या सीमेवर बिजासन घाट लागतो. ब्रेक न लागल्यामुळे झालेल्या ट्रक-अपघातांसाठी हे दोन्ही घाट वर्षानुवर्षे ओळखले जातात. दिल्लीच्या सपाट रस्त्यावर जो दोष जाणवत नाही, तो तिथे उतारावर उघड होतो. म्हणून गाडी रिकामी उभी असते ती वेळ तपासणीसाठी सर्वांत चांगली.

या पाठात आपण एअर ब्रेकमधील दोष क्रमाने कसा शोधायचा आणि कोणता भाग केव्हा बदलायचा ते पाहू.

रचना थोडक्यात

कॉम्प्रेसर हवा दाबतो. ती एअर ड्रायरमधून कोरडी होऊन टाक्यांमध्ये साठते. मध्ये असलेला प्रोटेक्शन व्हॉल्व्ह पुढचे ब्रेक, मागचे ब्रेक आणि पार्किंग ब्रेक यांची सर्किटे वेगळी ठेवतो. एक फुटले तरी दुसऱ्यात हवा राहते. चालकाने पेडल दाबले की फूट व्हॉल्व्ह हवा सोडतो. मागची चाके लांब असल्याने तिथे रिले व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तो पेडलकडून फक्त इशारा घेतो आणि टाकीतली हवा जवळच्या जवळ चेंबरला देतो. चेंबरमधला डायफ्राम पुशरॉड ढकलतो, पुशरॉड स्लॅक अॅडजस्टर फिरवतो, एस-कॅम फिरून ब्रेक शू ड्रमला टेकतात.

जोर किती मिळतो ते पाहा. टाइप २४ चेंबरच्या डायफ्रामचे क्षेत्रफळ २४ चौरस इंच असते. ६ बार म्हणजे सुमारे ८७ पीएसआय. २४ × ८७ = २०८८ पौंड, म्हणजे जवळपास ९४५ किलो.

मागच्या चेंबरला जोडून स्प्रिंग चेंबर असतो. तिथे काम उलटे चालते : हवा असेल तर स्प्रिंग दाबलेली राहते व ब्रेक सुटतो, हवा गेली की स्प्रिंग ब्रेक लावते.

आधी सुरक्षितता

१. गाडी सपाट जागी उभी करा. चाकांच्या पुढे आणि मागे ठोकळे लावा.
२. कोणताही पाइप सोडण्यापूर्वी त्या सर्किटमधली हवा पूर्ण काढा.
३. स्प्रिंग चेंबरची मोठी क्लॅम्प कधीही उघडू नका. आतली स्प्रिंग शेकडो किलोंच्या जोराने दबलेली असते. ती सुटली तर माणूस मरू शकतो. केजिंग बोल्टने स्प्रिंग बांधून संपूर्ण चेंबर बदला.

तपासणीचा क्रम

*पायरी १ : टाकीतून काय निघते?* सर्व टाक्यांचे ड्रेन व्हॉल्व्ह उघडा. थोडे स्वच्छ पाणी निघाले तर ड्रायरचे कार्ट्रिज संपत आले आहे. दुधाळ, तेलकट पाणी निघाले तर कॉम्प्रेसर तेल फेकत आहे. अशा वेळी नुसते कार्ट्रिज बदलले तर नवेही लवकर खराब होईल.

पाणी येते कुठून? ३० अंशांच्या पूर्ण दमट हवेत घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम बाष्प असते. गेजवर ८ बार दाब होण्यासाठी बाहेरची सुमारे ९ घनमीटर हवा १ घनमीटरमध्ये मावते. दबलेली हवा पुन्हा ३० अंशांवर आली की त्या १ घनमीटरमध्ये ३० ग्रॅमच बाष्प राहू शकते. उरलेले सुमारे २४० ग्रॅम पाणी होऊन बाहेर पडते. नाशिकहून निघालेली गाडी जानेवारीत दिल्लीच्या थंडीत रात्रभर उभी राहिली की पाइपात आणखी पाणी जमते. तीच गाडी पुढे हिमाचलकडे गेली तर ते गोठून व्हॉल्व्ह अडकू शकतात. पाइपात डिझेल किंवा रॉकेल ओतू नका, त्याने रबरी सील फुगतात.

*पायरी २ : हवा भरण्याचा वेळ.* इंजिन सुरू करून दाब कसा चढतो ते पाहा. बहुतेक गाड्यांत ८ ते ८.५ बारच्या आसपास ड्रायर फुस्स आवाज करून जादा हवा सोडतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्या. दाब फार हळू चढत असेल तर एअर फिल्टर, डिलिव्हरी पाइपातील काजळी, गळती आणि शेवटी कॉम्प्रेसरच्या रिंगा या क्रमाने पाहा. ब्रेक न दाबताही ड्रायर दर दोन-तीन मिनिटांनी फुस्स करत असेल तर कुठेतरी हवा गळते आहे.

*पायरी ३ : गळतीची चाचणी.* टाक्या भरा, इंजिन बंद करा, ठोकळे लावलेलेच ठेवून पार्किंग ब्रेक सोडा. एक मिनिट दोन्ही काट्यांवर लक्ष ठेवा. मग पेडल पूर्ण दाबा, काटा स्थिरावू द्या, आणि पुन्हा एक मिनिट पाहा. तुलनेसाठी अमेरिकेतील निकष उपयोगी पडतो : ट्रेलर नसलेल्या ट्रकमध्ये पेडल न दाबता मिनिटाला २ पीएसआयपेक्षा (सुमारे ०.१४ बार) आणि दाबून ३ पीएसआयपेक्षा (सुमारे ०.२ बार) जास्त दाब उतरू नये.

आता निष्कर्ष काढा :

- पेडल दाबले नसतानाही आणि पार्किंग ब्रेक लावला तरी हवा जाते : टाकी, तिचे पाइप, ड्रायर किंवा व्हॉल्व्हपूर्वीचे सांधे पाहा.
- फक्त पेडल दाबल्यावर जाते : फूट व्हॉल्व्हच्या पुढचे भाग, म्हणजे चेंबरचा डायफ्राम, होज किंवा रिले व्हॉल्व्ह पाहा.
- फक्त पार्किंग ब्रेक सोडल्यावर जाते : स्प्रिंग चेंबर किंवा त्याचा पाइप पाहा.

सांध्यांवर साबणाचे पाणी लावले की नेमकी जागा बुडबुड्यांनी दिसते.

*पायरी ४ : पुशरॉडचा स्ट्रोक.* गेजवर दाब पुरेसा, गळती नाही, तरी ब्रेक कमजोर लागतो, असे असेल तर दोष हवेत नाही, यांत्रिक भागात आहे. पुशरॉडवर खडूने खूण करा. सहकाऱ्याला सुमारे ६ बार दाबाने पेडल धरायला सांगा आणि रॉड किती बाहेर आला ते मोजा. साध्या स्ट्रोकच्या टाइप २४ चेंबरसाठी ४४ मिमी आणि टाइप ३० साठी ५१ मिमी ही कमाल मर्यादा समजली जाते.

ही मर्यादा का महत्त्वाची? ४०० मिमी व्यासाचा बिडाचा ड्रम ३०० अंशांनी तापला की त्याचा व्यास सव्वा मिलिमीटरच्या आसपास वाढतो. शूला तेवढे अंतर जास्त कापावे लागते आणि एस-कॅममुळे पुशरॉडचा प्रवास त्याच्या कित्येक पटींनी वाढतो. थंड असताना काठावर असलेला स्ट्रोक घाटात संपून जातो. रॉड चेंबरच्या टोकाला टेकतो, टाकीत हवा भरलेली असूनही ब्रेक लागत नाही. सपाट रस्त्यावर बरोबर वाटणारी गाडी घाटात थांबत नाही, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

ऑटोमॅटिक स्लॅक अॅडजस्टर असेल आणि स्ट्रोक वाढला असेल तर तो हाताने आवळून गाडी सोडू नका. झिजलेला एस-कॅम बुश, क्लेव्हिस पिन किंवा बिघडलेला अॅडजस्टर शोधा; नाहीतर स्ट्रोक पुन्हा वाढेल.

*पायरी ५ : ड्रमचे तापमान.* थोडी गाडी चालवून काही वेळा ब्रेक लावा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने सर्व ड्रम मोजा. इतरांपेक्षा थंड ड्रम म्हणजे तिथला ब्रेक काम करत नाही. खूप गरम म्हणजे तो सुटत नाही.

एक उदाहरण

समजा, एका ट्रकच्या मागच्या रिले व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टमधून सतत हवा येते. पेडल दाबलेले नाही. पुष्कळ जण लगेच रिले व्हॉल्व्ह बदलतात, आणि नव्यातूनही हवा येतच राहते.

व्हॉल्व्ह काढण्यापूर्वी पार्किंग ब्रेक लावून पाहा. गळती थांबली, तर रिले व्हॉल्व्ह निर्दोष आहे. पार्किंग ब्रेक सुटलेला असताना स्प्रिंग चेंबरमध्ये हवा असते. मधले सील खराब असेल तर ती हवा सर्व्हिस चेंबरमध्ये शिरते आणि होजमधून उलट येऊन रिले व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टमधून बाहेर पडते. आता एकेका चेंबरची सर्व्हिस होज सोडून, चाचणीपुरता पार्किंग ब्रेक मोकळा करून, कोणत्या चेंबरच्या तोंडातून हवा येते ते पाहा आणि तोच चेंबर बदला. पार्किंग ब्रेक लावूनही गळती चालूच राहिली, तरच रिले व्हॉल्व्हच्या इनलेट सीटवर संशय घ्या.

दुरुस्ती करताना

- चेंबर त्याच टाइपचा आणि त्याच स्ट्रोकचा बसवा. एका अॅक्सलवर दोन वेगळे टाइप असतील तर गाडी एका बाजूला ओढते.
- लायनर एका अॅक्सलच्या दोन्ही चाकांना एकत्र बदला.
- नायलॉन पाइप काटकोनात कापा. ट्यूबची पट्टी किंवा चिकट लेप लावून गळती झाकू नका.
- दाब कमी झाल्याचा बझर वाजतो म्हणून त्याची तार तोडू नका; तो बझर म्हणजे चालकाला मिळणारा शेवटचा इशारा असतो.
- काम संपल्यावर पायरी २ ते ४ पुन्हा करा.

चालकाला काय सांगाल?

२० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यातील नवले पुलाजवळ उतारावरून आलेल्या एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. सुरुवातीला ब्रेक निकामी झाल्याचे बोलले गेले. पुढे पोलीस तपासात चालकाने इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडल्याचे सांगण्यात आले. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. पेडलच्या प्रत्येक दाबाला टाकीतली हवा कमी होते आणि ती पुन्हा भरत नाही. शिवाय इंजिनाचा रोधही मिळत नाही. उत्तम दुरुस्त केलेला ब्रेकही अशा वेळी गाडी वाचवू शकत नाही. गाडी ताब्यात देताना चालकाला एवढे जरूर सांगा : उतार सुरू होण्यापूर्वी खालचा गिअर टाका, इंजिन चालू ठेवा, रोज टाकीतले पाणी काढा.

स्वाध्याय

१. पेडल दाबल्यावरच मागच्या सर्किटचा काटा उतरतो. कोणते भाग तपासाल आणि कोणत्या क्रमाने?
२. ८ बार दाब असूनही भरलेली गाडी घाटात थांबत नाही. हवेच्या गळतीखेरीज दोन कारणे सांगा.
३. टाइप ३० चेंबरमध्ये ६ बार दाबाला पुशरॉडवर किती जोर येईल? गणित मांडून दाखवा.