जुनी डीव्हीडी, नवा टीव्ही : फरक खरंच दिसतो का?

घरात मोठा टीव्ही आला की दोन गोष्टी हमखास होतात. आधी क्रिकेटची मॅच लावली जाते आणि सगळे खूश होतात. मग कोणीतरी कपाटातून जुन्या डिस्कची पिशवी काढतं, जपून ठेवलेला एखादा मराठी सिनेमा लावतं आणि चेहरे उतरतात. "एवढा महाग टीव्ही घेतला, आणि चित्र असं पुसट का?" पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : जुन्या डीव्हीडी फेकून हाय डेफिनिशनच्या डिस्क घ्याव्यात, की टीव्हीच जुनं चित्र सुधारून दाखवेल?

मी सॉफ्टवेअरमधला असल्यामुळे सुट्टीत खजुरीला गेलो की हा प्रश्न माझ्याकडेच येतो. आळंद तालुक्याच्या या टोकाला, उमरग्याच्या वाटेवर, बरीच घरं घरात मराठी आणि बाहेर कन्नड बोलणारी. आमच्या पिढीनं मराठी सिनेमा थिएटरात कमी आणि घरी डिस्कवरच जास्त पाहिला. त्यामुळे ती पिशवी टाकून देण्याआधी नीट हिशोब करायला हवा.

आधी आकडे

टीव्हीवरचं चित्र ठिपक्यांचं बनतं. १९९३ साली आलेल्या व्हीसीडीवर आपल्याकडच्या पद्धतीत आडवे ३५२ आणि उभे २८८ ठिपके असतात, म्हणजे सुमारे एक लाख. डीव्हीडीवर ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाखांवर. ब्लू-रे डिस्कवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांच्या वर. डीव्हीडीच्या बरोबर पाचपट. आजच्या फोर-के टीव्हीच्या पडद्यावर तर त्र्याऐंशी लाखांच्या आसपास ठिपके असतात.

आता डीव्हीडीचे चार लाख ठिपके त्र्याऐंशी लाखांच्या पडद्यावर पसरायचे, तर मधल्या जागा कशानं भरायच्या? टीव्ही शेजारचे ठिपके बघून अंदाज करतो आणि रिकामी जागा भरतो. यालाच अपस्केलिंग म्हणतात. दोन मुठी पिठाची भाकरी बशीएवढी थापा नाहीतर परातीएवढी, पीठ दोन मुठीच राहतं. थापणारा हात चांगला असेल तर मोठी भाकरी फाटत नाही, एवढंच. चांगला टीव्ही म्हणजे तो चांगला हात. कडा दातेरी दिसू न देणं, हलत्या चित्रात रेघा उमटू न देणं, हे तो करतो. पण मुळात न टिपलेला चेहरा किंवा साडीच्या काठावरची नक्षी तो परत आणू शकत नाही.

मग प्रत्येकाला फरक का दिसत नाही?

कारण आपण बसतो कुठे, यावर बरंच ठरतं. निरोगी नजरेला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा वेगळा ओळखता येतो. दहा फुटांवर हे अंतर एका मिलिमीटरपेक्षाही थोडं कमी भरतं. त्याहून लहान ठिपके डोळ्याला एकमेकांत मिसळलेले दिसतात.

या हिशोबानं ३२ इंची टीव्ही आठ फुटांपलीकडून बघत असाल, तर डीव्हीडी आणि ब्लू-रे यांतला बारकाव्याचा फरक जवळपास संपतो. ४३ इंचीला हीच मर्यादा साधारण साडेदहा फूट आणि ५५ इंचीला तेरा-साडेतेरा फूट. उलट ब्लू-रेचा पूर्ण बारकावा हवा असेल, तर ३२ इंचीला चार फुटांवर, ४३ इंचीला साडेपाच फुटांवर आणि ५५ इंचीला सात फुटांवर बसावं लागेल. आपल्याकडे सोफा एका भिंतीला आणि टीव्ही समोरच्या भिंतीला. मधे दहा-बारा फूट सहज असतात. म्हणून ३२ इंची टीव्ही असलेला काका म्हणतो, "काही फरक नाही रे," आणि ५५ इंची घेतलेला मावसभाऊ म्हणतो, "जमीन-अस्मानाचा फरक आहे." दोघंही आपापल्या सोफ्यावरून खरंच बोलत असतात.

मी घरी ४३ इंची टीव्हीवर एकाच हिंदी सिनेमाची डीव्हीडी आणि ब्लू-रे लावून पाहिली. कोणती चालू आहे ते सांगितलं नाही. सहा फुटांवरून भाच्यानं लगेच ओळखलं, तेही चेहऱ्यांवरून नाही, तर सुरुवातीच्या श्रेयनामावलीतल्या बारीक अक्षरांवरून. पलंगावर, म्हणजे बारा फुटांवर बसलेल्या आईनं विचारलं, "दोन्हीत आवाज तोच आहे की, मग बदललं काय?" तुम्हीही करून बघा. बारीक अक्षरं, गर्दीतले मागचे चेहरे, झाडाची पानं, साडीचे काठ, एवढंच बघायचं. नायकाच्या जवळून घेतलेल्या चेहऱ्यावर फरक सगळ्यात कमी कळतो.

पण तुलना करायच्या आधी जोडणी तपासा. डीव्हीडी प्लेयर पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरनं जोडला असेल तर चित्र वायरीतच बिघडतं. एचडीएमआयची सोय असेल तर ती वापरा. टीव्हीच्या सेटिंगमधला "शार्पनेस" खाली आणा, कारण तो नवा बारकावा देत नाही, फक्त कडांभोवती पांढरी रेघ ओढतो. एवढ्यानंच बऱ्याच घरांत जुनी डीव्हीडी सुधारलेली दिसते, आणि खर्च होतो एका केबलचा.

डीव्हीडी-डीव्हीडीतही फरक

सगळ्या डीव्हीडी सारख्या नसतात. दुहेरी थराच्या डीव्हीडीत साडेआठ जीबी मावतात. अडीच तासांचा एकच सिनेमा त्यात भरला तर दर सेकंदाला साडेसात मेगाबिट माहिती मिळते. त्याच डिस्कवर "तीन सिनेमे एकत्र" कोंबले तर वाट्याला येतात जेमतेम अडीच मेगाबिट. मग नाचगाण्यात, पावसात, धुरळ्यात चित्राचे चौकोनी तुकडे दिसू लागतात. बाजारात स्वस्त म्हणून घेतलेल्या डिस्क बहुतेक याच जातीच्या.

दुसरी गोष्ट म्हणजे काळ्या पट्ट्या. कित्येक जुन्या डिस्कवर रुंद पडद्याचा सिनेमा जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापात बसवलेला असतो. वर-खाली काळं, मधे चित्र. अशा वेळी ५७६ ओळींपैकी चित्राच्या वाट्याला सव्वातीनशेच्या आसपासच ओळी येतात. नवा टीव्ही हे चित्र ओढून मोठं करतो आणि आपण टीव्हीला नावं ठेवतो.

आणि मोबाइलवर किंवा टीव्हीवर इंटरनेटनं बघतो ते? फुल एचडीसाठी नेटफ्लिक्स पाच मेगाबिटचा वेग असावा असं सुचवतं. ब्लू-रेवर चित्रासाठी ही मर्यादा चाळीस मेगाबिटपर्यंत जाते. नव्या तंत्रामुळे कमी माहितीतही चित्र चांगलं बसतं हे खरं. पण गावाकडे संध्याकाळी नेटवर्क मंदावलं की तेच "एचडी" गुपचूप डीव्हीडीच्याही खाली उतरतं. डिस्कला नेटवर्क लागत नाही.

आपल्या सिनेमांचं काय?

मराठीचा खरा प्रश्न इथे सुरू होतो. जुने सिनेमे ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाले. चांगल्या निगेटिव्हमध्ये डीव्हीडीच्याच नव्हे, तर ब्लू-रेच्याही पलीकडचा बारकावा असतो. म्हणजे १९३६ चा 'संत तुकाराम' असो की १९५३ ची 'श्यामची आई', मूळ चित्र पुसट नव्हतं. पुसट होते ते आपल्यापर्यंत पोचेपर्यंतचे टप्पे : चालवून झिजलेली प्रत, त्यावरून केलेली व्हिडिओ टेप, टेपवरून काढलेली डिस्क. अशा टेपवरून कोणी उद्या ब्लू-रे काढली आणि वर "एचडी" छापलं, तरी ती मोठी थापलेली भाकरीच.

फिल्म पुन्हा नीट स्कॅन केली तर मात्र गोष्ट वेगळी. नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यात झालेल्या ५४ व्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ची पुनर्संचयित प्रत दाखवली गेली. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा हा सिनेमा. सत्तर वर्षांनी तो फिल्मवरून नव्यानं उतरवता आला, कारण फिल्म सांभाळून ठेवलेली होती.

सगळ्या सिनेमांचं नशीब एवढं चांगलं नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या साठ्याला आग लागली आणि चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मचा मोठा ठेवा गेला. त्यात प्रभातच्या सिनेमांच्याही प्रती होत्या. मूळ फिल्म गेली की उरलेली दुय्यम प्रत, कधी कधी एखादी टेपच, त्या सिनेमाची कमाल मर्यादा ठरते. मग कितीही महाग टीव्ही आणा.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेनं जुने सिनेमे "फोर-के" करून मिळतात. ते साध्या अपस्केलिंगपेक्षा चकचकीत दिसतात, पण इथे मशीन अंदाजाच्या पुढे जाऊन चक्क रचून सांगतं. कातडी मेणासारखी होते आणि मागच्या गर्दीतली माणसं भलतीच दिसू लागतात. २०२४ मध्ये जेम्स कॅमेरॉनच्या 'ट्रू लाइज' आणि 'एलियन्स'च्या फोर-के डिस्कवरही चाहत्यांनी याच कारणानं टीका केली होती. त्यांच्याकडे मूळ फिल्म असूनही ही गत, तर व्हीसीडीवरून काय हाती लागणार?

तर करायचं काय?

माझं उत्तर असं. टीव्ही ४३ इंचांपेक्षा मोठा असेल, तुम्ही सात-आठ फुटांवर बसत असाल आणि सिनेमा फिल्मवरून नव्यानं स्कॅन केलेला असेल, तर हाय डेफिनिशन डिस्क नक्की वेगळी दिसेल, पैसे वसूल. यातली एक जरी गोष्ट नसेल तर चांगली डीव्हीडी, एचडीएमआय केबल आणि शांत सेटिंग एवढं पुरतं.

पण पिशवीतल्या डिस्क फेकू नका. त्यात लग्नाच्या, बारशाच्या, जत्रेच्या डिस्क असतील, आणि त्यांची दुसरी प्रत जगात कुठेच नाही. 'श्यामची आई'साठी सरकारी संग्रहालय आहे. आजीचा आवाज असलेल्या व्हीसीडीसाठी आपणच आहोत. घरी जळणाऱ्या डिस्कचा थर वर्षागणिक खराब होतो. एके दिवशी प्लेयर ती वाचतच नाही. म्हणून या सुट्टीत एवढं करा. संगणकाला डिस्क ड्राइव्ह जोडून डिस्कवरच्या फाइल जशाच्या तशा उतरवा. व्हीसीडीत त्या डॅट नावाच्या आणि डीव्हीडीत व्हीओबी नावाच्या असतात. दुकानात दिलीत तर "एचडी करून द्या" म्हणू नका, "मूळ फाइल जशीच्या तशी द्या" म्हणा, कारण प्रत्येक बदलात थोडं चित्र गळतं. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती ठेवा, एक गावाकडे आणि एक शहरात. फाइलच्या नावात साल, गाव आणि प्रसंग लिहा, आणि चित्रात कोण कोण आहे ते आजी-आजोबांना आत्ताच विचारून घ्या. चित्र पुढे कधी सुधारता आलंच तर ते मूळ फाइलवरूनच सुधारेल, पण माणसांची नावं कोणतंही यंत्र सांगू शकणार नाही.