खाडीपलीकडचा वाटा

आमचे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, शाळेची पायरी कधी चढले नाहीत. सहीच्या जागी अंगठा उठवायचे. पण वाटणीचा हिशोब त्यांच्याइतका चोख करणारा माणूस, आम्ही पुढे बी.एड. होऊन वीस वर्षे मुलांना शिकवूनही फारसा पाहिला नाही. एकदा मात्र त्या हिशोबात त्यांची चूक झाली होती. ती चूक आणि तिची दुरुस्ती, दोन्ही सांगण्यासाठी हा लेख.

सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरातून निघते, पोलादपूर-महाड करत खाली उतरते आणि हरिहरेश्वर व बाणकोट यांच्या मधून समुद्राला मिळते. तिच्या शेवटच्या टप्प्याला आम्ही बाणकोटची खाडी म्हणतो. आमचे गाव उत्तरेच्या काठावर, रायगड जिल्ह्यात. समोर पाण्यापलीकडे रत्नागिरी जिल्हा. दादांचे अर्धे आयुष्य या खाडीच्या काठच्या चिखलात गेले आणि अर्धे तिच्या पाण्यावर. तीन एकर खारजमीन, एक होडी, दोन जाळी आणि एक पाग एवढीच त्यांची मिळकत होती.

घरात घड्याळ होते, पण दादांचे घड्याळ आभाळात होते. भरती किती वाजता, हे ते चांदावरून सांगत. आम्हां भावंडांना त्यांनी ते गणित शिकवले होते. चांदाची तारीख घ्यायची, त्यात एक मिळवायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चांदाची सात तारीख असेल तर एक मिळवून आठ, आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पंधराच्या पुढे आकडा गेला की पंधरा वजा करायचे. शेजारचे कोळी तांडेल तिथीची सरळ पाऊणपट करत. चांद आपल्याकडे दिसल्यावर मोजायचा, म्हणून आपली तारीख तिथीच्या एखादा दिवस मागे राहते. तो एक मिळवला की दोघांचे उत्तर जुळे. दोन पंचांगे आणि भरती एकच, याची आम्हांला लहानपणी मोठी गंमत वाटायची.

खारजमिनीची शेती ज्यांनी पाहिली नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. खाडीलगतची ही जमीन भरतीच्या पातळीच्याही खाली असते. तिथे भात पिकवायचे तर आधी मातीचा बांध घालून खारे पाणी अडवावे लागते. त्या बांधात उघाडी असते. उघाडीची झडप अशी बसवलेली असते की भरतीच्या पाण्याच्या दाबाने ती बाहेरून बंद होते आणि ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याच्या दाबाने उघडते. गोडे पाणी बाहेर जाते, खारे आत येत नाही. पाऊस सुरू झाला की पहिल्या सरींनी जमिनीतले मीठ धुऊन जाते. मग मोड आलेले बी चिखलात फेकायचे. याला रहू म्हणतात. बांधाला एकदा खांड पडली आणि उधाणाचे पाणी शेतात शिरले, तर पुढचे दोन-तीन पावसाळे जमीन मीठच ओकते.

म्हणून दरवर्षी उन्हाळ्यात, अष्टमीच्या आसपास पाण्याला भांग असे तेव्हा, सगळे खातेदार बांधावर उतरत. आगरी, कोळी, कुणबी, मुसलमान. ज्याची जितकी जमीन तितके त्याच्या वाट्याचे काम. दादा सगळ्यांत आधी जात आणि बाहेरच्या अंगाची तिवरे कुणाला तोडू देत नसत. लाटेचा पहिला मार तिवरे खातात, असे ते म्हणत. सूरह फुरकानमध्ये गोड आणि खाऱ्या पाण्यामध्ये अल्लाहने ठेवलेल्या आडपडद्याचा उल्लेख आहे. मशिदीत इमामसाहेबांकडून तो ऐकल्यापासून दादा बांधावर पहिले घमेले ‘बिस्मिल्लाह’ म्हटल्याशिवाय टाकत नसत.

पाण्यावरही त्यांचा कायदा वाट्यांचाच होता. होडीवर चार माणसे जात. मासळी किनाऱ्याला आली की बोय, काळुंदर, कोलंबी यांचे वेगवेगळे ढीग लागत. एक वाटा होडीचा, एक जाळ्याचा, चार माणसांचे चार. शिवाय एक लहान ढीग ते बाजूला सारत. त्यांच्या जुन्या जोडीदाराची विधवा वाडीच्या टोकाला राहत होती, तो तिचा. तिचा नवरा मरून पंधरा वर्षे झाली तरी तो ढीग लागतच होता. मोठे चाचा एकदा म्हणाले, ‘‘आता तिचा पोरगा कमावतो की.’’ दादा म्हणाले, ‘‘पोरगा त्याचा कमावतो. हा तिच्या घोवाचा वाटा हाय.’’

आमच्या वाडीत गोड्या पाण्याची विहीर होती. एप्रिल-मेमध्ये सगळ्या वाड्यांच्या बायका तिथे येत. कुणी कुठल्या जातीचे, हे दादांनी कधी विचारले नाही. पाणी, चारा आणि आग यांत सगळे भागीदार आहेत, या अर्थाची प्रेषितांची (स.) हदीस त्यांना ठाऊक होती. आणि महाडची गोष्ट त्यांनी आपल्या वडिलांकडून ऐकली होती. 1927 च्या डिसेंबरात बाबासाहेब आंबेडकर परिषदेसाठी मुंबईहून बोटीने आले ते याच खाडीतून दासगावला उतरले. महाडात परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. ही गोष्ट सांगून दादा म्हणायचे, ‘‘पाण्याचा मालक व्हायला जाऊ नये. पाणी आपल्याला बुडवतं.’’

अशा माणसाने सख्ख्या बहिणीचा वाटा पस्तीस वर्षे दाबून ठेवला होता, हे आम्हांला 1986 च्या उन्हाळ्यात कळले. आम्ही तेव्हा सात-आठ वर्षांचे होतो.

दादांचे वडील 1951 मध्ये वारले. मागे एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगी, आमची बडी फुफी, खाडीपलीकडे दिलेली. तीन एकर दादा कसू लागले. तिने मागितले नाही, यांनी दिले नाही. गावात कुणालाच त्यात वावगे वाटले नाही, कारण गावात सगळ्यांचे तसेच चालले होते. लग्नात दिले तेच खूप झाले, असे म्हणायची रीत होती.

मग मोठ्या चाचांनी कुवेतहून पैसे पाठवले आणि दादांचे हजला जायचे ठरले. हजला निघण्याआधी माणसाने कर्ज फेडावे, कुणाचे देणे ठेवू नये. दादा रात्री ओटीवर बसून देणी आठवू लागले. वाण्याचे चौदा रुपये आठवले, सुताराची अर्धी मजुरी आठवली. आणि तिसऱ्या रात्री बहीण आठवली. दादीने नंतर सांगितले, त्या रात्री ते झोपलेच नाहीत.

सकाळी भरती धरून त्यांनी होडी काढली. आम्हां तिघां चुलत भावंडांना बरोबर घेतले. का घेतले ते तेव्हा कळले नाही. साक्षीला घेतले होते, असे आता वाटते. पलीकडे पोहोचल्यावर ते बडी फुफीच्या पडवीत खाली बसले. तिने पाट दिला तरी खालीच बसले. म्हणाले, ‘‘बापाच्या जमिनीतला एक एकर तुझा. पस्तीस वर्षांचं भात मी खाल्लं. ते फेडायची माझी ऐपत नाय. हजला चाललोय, काय ते तू सांग.’’

फुफी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘भात माफ केलं, भाई. जमीन माफ नाय करत. ती माझ्या बापाची हाय.’’

आम्ही घाबरलो. आम्हांला वाटले आता भांडण होईल. दादा मात्र मोठ्याने ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणाले आणि रडले. त्याच आठवड्यात तलाठ्याकडे जाऊन त्यांनी एक एकर बहिणीच्या नावे करून दिली. कसायचे तेच, पण दर हंगामाला तिच्या वाट्याच्या गोणी होडीत घालून पलीकडे पोचवायचे. मुंबईहून जहाजाने ते हजला गेले, आले, आणि पुढची बारा वर्षे हा नेम चालू राहिला. 1998 मध्ये दादा अल्लाहला प्यारे झाले.

आता आमची गोष्ट.

दादांच्या मागे तीन मुलगे आणि दोन मुली. उरलेले दोन एकर, म्हणजे ऐंशी गुंठे. सूरह निसाच्या 11 व्या आयतीने मुलाचा वाटा मुलीच्या दुप्पट ठरवला आहे. दादी हयात होती तोवर कुणी वाटणीचे काढले नाही. तीही गेल्यावर हिशोब सोपा उरला. एकूण आठ वाटे; मुलांना वीस-वीस गुंठे, मुलींना दहा-दहा. सातबारावर पाचही नावे होती. पण कसणारे मुंबईत आणि आखातात पांगले होते. बांधावर उतरणारे हात दरवर्षी कमी होत गेले. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आले, तेव्हा उघाडीची झडप गेली आणि बांधाला खांड पडली. शेतात खाडी शिरली. पाहता पाहता बांधाच्या आत तिवरे उगवली.

दोन वर्षांनी जमिनीला मुंबईचे गिऱ्हाईक आले. वडीलधाऱ्यांनी ठरवले, विकून टाकू. फुफींकडून हक्कसोड लिहून घेऊ, त्यांना साड्या आणि काही रोख देऊ. आमचे अब्बाही त्यात होते, हे लपवून उपयोग नाही. कागदाचा मसुदा आमच्या पिशवीत दिला. शिकलेले आम्हीच, म्हणून समजावणेही आमच्याकडे.

आम्ही बागमांडल्याहून जेटीने वेशवीला निघालो. तीच खाडी, तीच पलीकडची वाट. थोरल्या फुफीलाही तिकडेच दिले आहे. बोटीवर आम्ही तिघेही एकमेकांशी बोललो नाही.

थोरल्या फुफीने चहा केला, घावन केले. आम्ही विषय काढला तशी ती लगेच म्हणाली, ‘‘कुठं अंगठा द्यायचा ते सांगा. माहेरचा दरवाजा उघडा राहू दे, एवढंच.’’

आपल्या समाजात हक्कसोडीच्या कागदावर नेहमी एक वाक्य असते की, बहिणीने आपल्या राजीखुशीने हक्क सोडला. राजीखुशीने सोडता येतो, हे खरेच आहे. पण ती खुशी पाहायची कशी? बडी फुफी ‘जमीन माफ नाही’ म्हणू शकली, कारण तिचा भाऊ तिच्याकडे मागायला गेला नव्हता, द्यायला गेला होता. आधी वाटा तिच्या हातात आला, मग तिने जे माफ करायचे ते माफ केले. आम्ही रिकाम्या हातांनी आणि लिहिलेला कागद घेऊन गेलो होतो. अशा वेळी बाई जे सोडते त्यात जमीन थोडी आणि माहेर तुटायची भीती जास्त असते.

आम्ही कागद पिशवीतून काढलाच नाही.

घरी येऊन अब्बांसमोर बसलो. 1986 च्या होडीत आम्ही होतो, एवढेच सांगितले. अब्बा खूप वेळ पंख्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘माझ्या वाट्याचं मी सांगतो. मी विकत नाही.’’ मोठ्या चाचांना फोनवर चार दिवस लागले, पण ते मानले. छोटे चाचा मानले नाहीत. त्यांच्यावर मुंबईच्या घराचे कर्ज आहे. त्यांची अडचण खरी आहे, हे आम्ही नाकारत नाही. ते आमच्याशी अजून बोलत नाहीत.

2023 च्या उन्हाळ्यात, अष्टमी धरून, बाकीच्या खातेदारांबरोबर आम्ही बांधाला हात घातला. खर्च आठ वाट्यांनी मांडला. छोट्या चाचांच्या वाट्याचा खर्च सध्या अब्बांनी भरला आहे. दोन्ही फुफींनी आपापला एक वाटा हट्टाने भरला. धाकटी फुफी तर स्वतः येऊन बांधावर उभी राहिली आणि झडप कशी बसवायची ते मजुरांना सांगत होती. लहानपणी दादांबरोबर तीच जायची, हे आम्हांला माहीतही नव्हते.

एक पावसाळा नुसता मीठ धुण्यात गेला. दुसऱ्या वर्षी, म्हणजे यंदा, भात पेरले. पीक बेताचेच आले. नऊ गोण्या आणि वर थोडे. आठाने भाग जाईना, मग अंगणात ओतून पायलीने मोजले. दोन वाटे अब्बांचे, दोन मोठ्या चाचांचे, एकेक फुफींचा. फुफींच्या गोण्या आम्ही जेटीवरून पोचवल्या.

छोट्या चाचांचे दोन वाटे पडवीत वेगळे लावून ठेवले आहेत. त्यांना निरोप पाठवला आहे.