शहर चालते कसे? लेखांक सातवा : पावसाच्या पाण्याची वाट

भातसा, तानसा आणि वैतरणा यांसारख्या दूरच्या जलाशयांतून मुंबईच्या नळांपर्यंत पाणी कसे येते, याचा विचार मागील लेखांकात झाला. प्रस्तुत लेखांकाचा विषय नेमका उलट्या दिशेचा आहे : शहरावर आपोआप पडणारे पाणी शहराबाहेर कसे जाते आणि कोणत्या कारणांनी ते जात नाही. मुंबईत वर्षाला सरासरी 2,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्यामुळे पाणी वाहून नेण्याची व्यवस्था वर्षाचे आठ महिने बहुतांशी विसरलेली आणि चार महिने कसोटीला लागलेली असते. नाले व गटारे बांधणे, त्यांची देखभाल करणे आणि ती साफ ठेवणे हे 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या 61 व्या कलमानुसार महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. ते पार पाडण्यासाठी महापालिकेत पर्जन्य जलवाहिन्या हे स्वतंत्र खाते काम करते. घराघरांतील सांडपाणी व मैला वाहून नेणारी मलनिस्सारण व्यवस्था तत्त्वतः या व्यवस्थेहून पूर्णपणे वेगळी असली, तरी ज्या वस्त्यांपर्यंत मलवाहिन्या पोहोचलेल्या नाहीत, तेथील सांडपाणी बारमाही नाल्यांत उतरते आणि भर उन्हाळ्यातही मुंबईचे नाले काळ्या पाण्याने वाहताना दिसतात.

पावसाच्या थेंबाचा प्रवास छपरावरून पन्हळीत, पन्हळीतून इमारतीच्या आवारात आणि तेथून रस्त्यावर होतो. रस्त्याला मध्यापासून कडेकडे दिलेल्या उतारामुळे हे पाणी पदपथालगत जमते, तेथील जाळी बसवलेल्या पाणतोंडांतून खाली उतरते, लहान वाहिनीतून मोठ्या नाल्यात जाते आणि अखेरीस पातमुखातून, म्हणजे नाला जेथे समुद्रात, खाडीत किंवा नदीत उघडतो त्या तोंडातून, बाहेर पडते. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या शहरात या वाहिन्या बहुतांशी भूमिगत असून त्यांतील अनेक ब्रिटिश काळातल्या विटांच्या कमानदार बांधणीच्या आहेत. उपनगरांत मात्र रस्त्याकडेची उघडी गटारे, उघडे नाले आणि मिठी, दहिसर, पोईसर व ओशिवरा या चार नद्या हेच काम करतात. सुमारे 2,000 किलोमीटर लांबीची उघडी गटारे, सुमारे 440 किलोमीटर लांबीच्या बंदिस्त वाहिन्या आणि 30,000 हून अधिक पाणतोंडे असा या जाळ्याचा एकूण विस्तार आहे.

या जाळ्याची मूळ अडचण शहराच्या घडणीतच आहे. सात बेटांमधील खाड्या व दलदली भरून जी सलग भूमी तयार झाली, तिचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या जेमतेम वर, तर काही ठिकाणी तिच्या खालीच राहिला. वरळी आणि मुंबई या बेटांमधील खिंड अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबी बांधाने बुजवली गेली आणि समुद्र बाहेर थोपवला गेला, पण बांधाच्या आतली जमीन त्यामुळे उंच झाली नाही. पाणी उताराने वाहते आणि उतार मिळण्यासाठी सुरुवात शेवटापेक्षा उंच असावी लागते. महालक्ष्मी, भायखळा, परळ यांसारख्या सखल भागांत ही उंचीच अपुरी आहे. महापालिकेच्या नोंदीनुसार शहर व उपनगरांतील 186 पातमुखांपैकी 45 पातमुखे समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत, 135 पातमुखे त्या पातळीच्या वर पण भरतीच्या पातळीच्या खाली आहेत आणि केवळ 6 पातमुखे भरतीच्या पातळीच्या वर आहेत. म्हणजे मोठी भरती असताना 186 पैकी 180 पातमुखांतून पाणी बाहेर पडणे कठीण होते आणि जेथे झडपा नसतील तेथे समुद्राचेच पाणी नाल्यात शिरते. पावसाळ्यातील उधाणाच्या भरत्या साडेचार मीटरहून उंच जातात आणि अशा दिवसांचे वेळापत्रक महापालिका दरवर्षी आधीच जाहीर करते, ते याच कारणासाठी.

वाहिनीचा आकार ठरवताना अभियंता तीन गोष्टी गृहीत धरतो : किती क्षेत्राचे पाणी त्या वाहिनीत येणार, पाऊस ताशी किती मिलिमीटर पडणार आणि पडलेल्या पाण्यापैकी किती हिस्सा जमिनीत न मुरता वाहत येणार. या तिसऱ्या प्रमाणाला अपवाह गुणांक म्हणतात. मुंबईच्या जुन्या वाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पाऊस, 0.5 अपवाह गुणांक आणि समुद्राला ओहोटी, अशा तिहेरी गृहीतकावर बांधल्या गेल्या. याचा अर्थ एका हेक्टरवर तासाभरात अडीच लाख लिटर पाणी पडेल, त्यातले निम्मे बागा, परसे आणि मोकळ्या जमिनीत मुरेल व उरलेले सव्वा लाख लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे 35 लिटर, वाहिनीत येईल, असा तो हिशेब होता. पुढे मोकळ्या जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, आवारांत फरशी बसली, रस्ते डांबराचे व नंतर काँक्रीटचे झाले आणि पाणी मुरण्याची वाट जवळजवळ बंद झाली. ताशी 50 मिलिमीटर पाऊस आणि 1.0 अपवाह गुणांक धरला, तर त्याच हेक्टरवरून सेकंदाला सुमारे 139 लिटर पाणी येते. पाऊस दुप्पट आणि वाहणारा हिस्सा दुप्पट, म्हणून वाहिनीवरचा भार चौपट, हे साधे गणित मुंबईतील पाणी तुंबण्याच्या बहुतेक चर्चांच्या मुळाशी आहे.

हेच सुधारित निकष मांडणारा अहवाल 1993 साली तयार झाला. 1985 च्या पूरस्थितीनंतर हाती घेतलेल्या अभ्यासातून निघालेल्या या आराखड्याला ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने ओळखले जाते. जुन्या वाहिन्यांचे पुनरुज्जीवन, नाल्यांचे रुंदीकरण व खोलीकरण आणि सखल भागांसाठी उदंचन केंद्रे, म्हणजे पंपांनी पाणी उचलून समुद्रात सोडणारी केंद्रे, अशी त्याची त्रिसूत्री होती. मात्र आराखड्यातील बहुतेक कामे पुढील दशकभर मंद गतीनेच चालली. 26 जुलै 2005 रोजी सुरू झालेल्या पावसाची सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर इतकी नोंद झाली, त्याच वेळी कुलाब्याला जेमतेम 73 मिलिमीटर पाऊस पडला आणि शेकडो माणसांचे प्राण गेले. त्यानंतर राज्य सरकारने जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली, शहरात ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवण्यात आले आणि 2007 मध्ये केंद्र सरकारने ‘ब्रिमस्टोवॅड’ साठी सुमारे 1,200 कोटी रुपयांच्या साहाय्याला मान्यता दिली.

या कार्यक्रमातील सर्वांत दृश्य भाग म्हणजे उदंचन केंद्रे होत. नियोजित आठ केंद्रांपैकी हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा टप्प्याटप्प्याने सुरू झाली, तर मोगरा आणि माहुल ही दोन जागेच्या व परवानग्यांच्या प्रश्नांमुळे दीर्घकाळ रखडली. केंद्राचे कार्य समजून घेण्यासारखे आहे. ओहोटीच्या वेळी नाल्यावरील दरवाजे उघडे राहतात आणि पाणी स्वतःच्या उताराने समुद्रात जाते. समुद्राची पातळी नाल्यातील पाण्यापेक्षा वर चढू लागली की दरवाजे बंद केले जातात, आत येणारे पाणी जाळ्यांमधून गाळून त्यातील तरंगता कचरा यंत्राने बाजूला काढला जातो आणि मग एकेक पंप सुरू होतो. एक पंप सेकंदाला सुमारे 6,000 लिटर पाणी उपसतो. तरीही पंप उपसू शकतो ते केवळ त्याच्यापर्यंत पोहोचलेले पाणी. केंद्राकडे येणारी वाहिनी अरुंद असेल, वाटेत तुंबलेली असेल किंवा जाळीवर प्लास्टिकचा थर बसला असेल, तर सर्व पंप सज्ज असूनही दोन किलोमीटरवरील चौक पाण्यातच राहतो.

परळ-दादर परिसरातील हिंदमाता हे याचे बोलके उदाहरण आहे. हा भाग बशीसारखा खोलगट असल्याने चारही बाजूंचे पाणी तेथे उतरते, आणि रे रोडजवळील ब्रिटानिया केंद्र सुरू झाल्यानंतरही तेथील पाणी तुंबणे थांबले नाही. त्यामुळे महापालिकेने वेगळा मार्ग निवडला आणि प्रमोद महाजन कलापार्क व सेंट झेवियर्स मैदान यांच्याखाली मोठ्या साठवण टाक्या बांधल्या. जोराच्या पावसात हिंदमाताचे पाणी पंपांनी या टाक्यांत आणायचे आणि भरती उतरल्यावर पर्जन्य जलवाहिन्यांमध्ये सोडायचे, अशी ही योजना आहे. पाणी तत्काळ बाहेर काढणे शक्य नसेल, तर ते काही तास थांबवून ठेवणे, हे तिच्यामागचे तत्त्व सपाट व समुद्रालगतच्या शहरासाठी महत्त्वाचे आहे, कारण पूर्वी तळी, खाजणे आणि मोकळी मैदाने हेच काम विनामूल्य करीत होती.

मोठ्या प्रकल्पांइतकेच निर्णायक, पण कमी गौरवाचे काम म्हणजे दरवर्षीची नालेसफाई. उताराचा अभाव असलेल्या नाल्यात पाण्याचा वेग मंदावतो आणि टेकड्यांवरून आलेली माती, बांधकामांचा राडारोडा, रस्त्यावरची वाळू आणि घरगुती कचरा तळाशी बसतो. या गाळाचा परिणाम दिसतो त्यापेक्षा मोठा असतो. तीन मीटर रुंद व दीड मीटर खोल अशा आयताकृती नाल्यात अर्धा मीटर गाळ साचला, तर पाण्यासाठी उरलेली जागा एक तृतीयांशाने घटते. वहनक्षमता, म्हणजे एका सेकंदात नाला जितके पाणी पुढे नेऊ शकतो ते प्रमाण, मात्र सुमारे 43 टक्क्यांनी घटते, कारण जागेच्या मानाने तळ व भिंतींचे घर्षण वाढते आणि वेगही कमी होतो. ताशी 50 मिलिमीटर पावसासाठी कोट्यवधी रुपये खर्चून बांधलेला नाला अशा गाळाने ताशी 30 मिलिमीटरचाही राहत नाही.

नालेसफाईचे वार्षिक चक्र ठरलेले आहे. निविदा काढून कंत्राटदार नेमले जातात, गाळाचा मोठा हिस्सा 31 मेपूर्वी आणि उरलेला पावसाळ्यात व त्यानंतर काढला जातो. मोठ्या नाल्यांत पोकलेन यंत्रे उतरवली जातात, तर यंत्र जाऊ शकत नाही अशा गल्लीबोळांतील लहान नाल्यांत कामगारच फावडी व घमेली घेऊन उतरतात. काढलेला गाळ काठावर पसरून त्यातले पाणी निथळू दिले जाते, मग तो डंपरमध्ये भरून, वजनकाट्यावर तोलून शहराबाहेरील ठरलेल्या जागी टाकला जातो. गैरव्यवहाराच्या आरोपांनंतर छायाचित्रे व चित्रफिती घेण्याची पद्धतही लागू झाली. हे सर्व आवश्यकच आहे, पण त्याचा मापदंड अपुरा आहे. ओल्या गाळाच्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो आणि एखाद्या नाल्यातून किती टन माल उचलला, यावरून त्या नाल्यात अजून किती गाळ शिल्लक आहे हे कळत नाही. ठराविक अंतरांवर नाल्याच्या मूळ तळाची पातळी नोंदवलेली असावी, सफाईपूर्वी व सफाईनंतर त्याच ठिकाणी पुन्हा मोजणी व्हावी आणि मूळ वहनक्षमतेपैकी किती टक्के परत मिळाली, हा आकडा देयकाचा आधार ठरावा. सर्वेक्षणाची आजची साधने पाहता हे अवघड राहिलेले नाही.

नगरनियोजनाचा संबंधही येथेच येतो. नाल्यावर बांधलेली अरुंद मोरी, नाल्याच्या पोटातून आडवी गेलेली जलवाहिनी किंवा केबल, काठावरचे अतिक्रमण आणि दर डांबरीकरणात उंचावत गेलेला रस्ता, ही सर्व वेगवेगळ्या खात्यांची कामे असली, तरी त्यांचा परिणाम एकाच नाल्यावर होतो. विहार व पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत सुमारे 18 किलोमीटर वाहणारी मिठी नदी भराव, वस्त्या, गोदामे आणि विमानतळाचा विस्तार यांमध्ये कशी आकसत गेली, हे 2005 नंतर सर्वांसमोर आले. रस्ता खोदण्याची परवानगी, इमारतीच्या आराखड्याची मंजुरी आणि नाल्याची क्षमता यांची सांगड घातल्याशिवाय एका खात्याने मिळवलेली क्षमता दुसरे खाते नकळत घालवत राहते.

नागरिकांच्या वाट्यालाही एक स्पष्ट जबाबदारी येते. पाणी लवकर उतरावे म्हणून रस्त्यावरील मनुष्यप्रवेशिकेचे, म्हणजे वाहिनीत उतरण्यासाठीच्या तोंडाचे, झाकण उघडण्याची सवय प्राणघातक आहे. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात अशाच उघड्या प्रवेशिकेत पडून शहरातील एका नामवंत डॉक्टरांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर झाकणांखाली संरक्षक जाळ्या बसवण्याच्या कामाला गती मिळाली. तुंबलेले पाणतोंड दिसताच विभाग कार्यालयाला कळवणे, आवारातील थोडी जमीन फरशीविना ठेवणे आणि नाल्यात कचरा न टाकणे, या तीन गोष्टी प्रत्येक सोसायटीच्या आवाक्यातल्या आहेत.

उदंचन केंद्र एकदा बांधले जाते आणि त्याचे उद्घाटन होते, तर नाला दरवर्षी साफ करावा लागतो आणि त्याचे उद्घाटन कधीच होत नाही. तरीही भर पावसात शहर चालू राहणार की ठप्प होणार, हे बहुतांशी त्या दुसऱ्या कामाच्या चोखपणावर ठरते. म्हणून येत्या मे महिन्यात नालेसफाईचे आकडे जाहीर होतील, तेव्हा वाचकांनी आपल्या विभागातील नाल्यातून किती टन गाळ निघाला एवढ्यावर समाधान न मानता त्याचा तळ मूळ पातळीला पोहोचला का, हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तर मिळेपर्यंत त्याचा पाठपुरावा करावा. पुढील लेखांकात मलनिस्सारण व्यवस्थेचा विचार केला जाईल.