खटका नसलेला चाकू

आज्जाच्या चाकूची कमान गेल्या मार्गशीर्षात मोडली. बांधावरचा पेरू कापून मी पातं मिटत होतो. तेवढ्यात बारीकसा 'टक्' आवाज झाला आणि पातं मुठीतून लोंबकळू लागलं. धार तशीच होती, शिसवी मूठ तशीच होती. चाकूच्या अंगातला जोर तेवढा गेला होता.

बोरगाव हे निपाणी तालुक्यातलं, दूधगंगेच्या खोऱ्यातलं गाव. आमच्याकडं ऊस आणि तंबाखू, पलीकडं इचलकरंजीचे माग. आज्जाच्या बंडीच्या खिशात दोन वस्तू हमखास असत. एक पानसुपारीची चंची, दुसरा हा घडीचा चाकू. चाकूच्या मागच्या टोकाला कडी, कडीला करदोट्याचा दोरा आणि दोऱ्याचं दुसरं टोक बंडीच्या काजाला बांधलेलं. तंबाखूच्या पोत्याची सुतळी कापायला, वेसणीच्या दोरीचं टोक निमुळतं करायला, उसाचं कांडं सोलायला, पायातला काटा काढायला, काकडी चिरायला तो एकच चाकू. काम झालं की पातं धोतराला पुसायचं आणि मिटायचं. मिटतानाचा तो आवाज ओसरीवर ऐकू आला की आज्जा रानातून आलाय, हे आम्हाला कळे.

या चाकूला खटका नसतो. रामपुरी चाकूचं पातं उघडलं की खटक्यात अडकतं आणि कळ दाबल्याशिवाय मिटत नाही. आमच्या चाकूत अडकवणारं काहीच नाही. मुठीच्या पाठीत एक पोलादी पट्टी असते, तीच कमान. तिचं एक टोक आणि मध्य खिळ्यांनी बांधलेला, दुसरं टोक मोकळं. हे मोकळं टोक पात्याच्या बुडावर दाबून बसतं. बुडाच्या बाजू कानशीनं सपाट केलेल्या असतात. पातं पूर्ण उघडलं किंवा पूर्ण मिटलं की कमान सपाट बाजूवर टेकते आणि पातं ठरतं. मधल्या वळणावर बुडाचा कोपरा कमानीला वर उचलतो. म्हणून उघडताना बोटाला आधी विरोध जाणवतो आणि मग पातं स्वतःच जागेवर जाऊन बसतं.

ते ठरतं, अडकत नाही. हा फरक मी आठवीत असताना शिकलो. गुळाच्या ढेपेत टोक खुपसून मी जोर लावला आणि पातं उलटून तर्जनीवर मिटलं. आज्जानं हळद दाबली, चिंधी बांधली आणि एवढंच म्हणाला, "ओढून कापावं, खुपसू नगंस. आन् मिटायच्या आदी बोट बघ." ती खूण अजून बोटावर आहे. पुढं माझ्याकडं बरेच चाकू आले, पण चाकू कसा धरावा याबद्दल त्या दोन वाक्यांपलीकडं मला काही शिकावं लागलं नाही.

आमच्या सीमाभागात प्रत्येक वस्तूला दोन नावं असतात. मराठी घरातला विळा कानडी घरात कुडुगोलु होतो. चाकू मात्र दोन्हीकडं चाकूच. शब्द तुर्की-फारसीतून आलेला आणि तुर्कीत तो आजही मुख्यतः खिशातल्या घडीच्या चाकूसाठीच वापरतात. मराठीनं त्याला दोन 'कलमां'शी जोडलं. मोडी लिहिणारा कारकून बोरूचं टोक लहान चाकूनं तिरपं छाटून कलम करायचा आणि बागायतदार आंब्याची काडी तिरपी छाटून कलम बांधायचा. इंग्रजीतल्या 'पेननाइफ'चा जन्मही हंसाच्या पिसाची लेखणी तासण्यातून झालाय. माझ्या संग्रहात तासगावच्या द्राक्षबागेत वापरलेला एक कलमचाकू आहे. त्याच्या पात्याला एकाच बाजूनं धार आहे, कारण डॉग्रिजच्या खुंटावर काडी बसवायची तर काप आरशासारखा सपाट लागतो. जरा फट राहिली की कलम वाळतं.

मोडका चाकू घेऊन मी गावातल्या लोहाराकडं गेलो. त्यानं आधी तो कानाजवळ नेऊन हलवला, मग उजेडात धरून मुठीच्या फटीतून पाहिलं. बारीक टोच्यानं तीन खिळे ठोकून काढले आणि चाकू फडक्यावर उलगडून ठेवला. दोन पितळी पत्रे, शिसवाच्या दोन पट्ट्या, पातं आणि कमानीचे दोन तुकडे. पात्याच्या बुडाशी काळ्या मळाखाली छाप होता, एक चांदणी आणि एक क्रूस. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स या कारखान्याची ती खूण, 1682 पासूनची. इतकी वर्षं चाकू वापरून मी ती कधी पाहिली नव्हती.

नवी कमान ट्रकच्या जुन्या पाट्यातून निघाली. भात्यावर तुकडा लाल करून ठोकत ठोकत त्यानं अडीच मिलिमीटरवर आणला, जुने तुकडे जोडून वर ठेवले आणि कानशीनं आकार काढला. तो आकार तंतोतंत नव्हता. मोकळं टोक त्यानं केसभर आत वाकतं ठेवलं. तेवढ्या वाकातूनच दाब येतो.

मग पाणी द्यायची वेळ आली. पट्टी पुन्हा तापवली. मधूनमधून तो तिला लोहचुंबक लावून पाहत होता. पोलाद पुरेसं तापलं की चुंबक त्याला धरत नाही. ती वेळ आली तशी पट्टी तेलात गेली. आता ती काचेसारखी होती, टणक पण ठिसूळ. पॉलिश कागदानं घासून पांढरी केली आणि तापल्या तव्यावरच्या वाळूत ठेवली. रंग चढू लागला. आधी गव्हाळ पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा. निळा दिसताच, सुमारे 300 अंशांना, त्यानं ती चिमट्यानं उचलली. पात्याला पाणी द्यायचं तर पिवळ्यावर थांबायचं असतं, म्हणजे धार टिकते. कमानीला निळ्यापर्यंत न्यायचं, म्हणजे ती वाकून परत येते. पोलाद तेच, मिनिटभर आधी-नंतर उचललं की गुण वेगळा.

जोडताना पातं आणि पत्रा यांच्यामध्ये त्यानं तेल लावलेला कागद घातला आणि खिळ्यांची डोकी फुलवली. मग कागद ओढून काढला. तेवढीच फट पात्याला फिरायला राहिली.

असे सतरा चाकू माझ्याकडं आहेत. बहुतेक भंगाराच्या ढिगातून आणि आठवडी बाजारातून आलेले. घेताना मी आधी पातं अर्ध्यात उघडून बाजूला हलवून पाहतो. खडखडलं तर खिळा झिजलाय. मिटल्यावर टोक मुठीबाहेर डोकावत असेल तर धार लावून लावून पातं खाल्लं गेलंय. शेवटी डोळे मिटून दोन-तीनदा उघडझाप ऐकतो. चांगल्या कमानीचा आवाज भरीव असतो. गंजलेला चाकू दोन दिवस तेलात ठेवतो, चाकावर कधीच देत नाही. फिरत्या दगडावर कड तापून निळी पडली की तिथलं पाणी उतरतं आणि ती धार पुन्हा टिकत नाही. माझी धार सपाट दगडावर हातानं लागते, दोन्ही बाजूंनी सुमारे 20 अंशांत. शेवटचे हात चामड्याच्या तुकड्यावर, तो एका कोल्हापुरी चपला करणाऱ्यानं दिलाय.

हॅरी ब्रेअर्लीनं 1913 मध्ये शेफिल्डलाच न गंजणारं पोलाद केलं, त्याआधी सगळीच पाती गंजायची. तशी जुनी पाती मला प्रिय आहेत. कैरी, लिंबू, कांदा यांनी त्यांच्यावर निळसर करडी साय धरते आणि ती सायच तांबड्या गंजाला थोपवते. म्हणजे कामात असलेलं पातं स्वतःला जपतं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहताना मी हरखून गेलो होतो, पण सुपारी न कातरणाऱ्या त्या पात्यांसाठी जीव हळहळलाही होता.

चाकू म्हटलं की लोक दचकतात, ते सिनेमातल्या रामपुरीमुळं. शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांचा विचार आहे आणि शेतीची, घरकामाची हत्यारं त्यातूनही वगळलेली आहेत. आज्जाचं पातं जेमतेम 3 इंच आहे. तरी जत्रेत, सभेत मी तो नेत नाही. लोकांच्या भीतीचाही मान ठेवावा लागतो.

लोहारानं चाकू माझ्या हाती देण्याआधी तीनदा उघडला, तीनदा मिटला. मिटताना प्रत्येक वेळी त्यानं बोट बाजूला घेतलं. नवा आवाज आज्जाच्या आवाजापेक्षा जरा जाड होता. "वापरा आता," तो म्हणाला. "फळीवर ठेवलासा तर परत माझ्याकडंच येईल."

येताना उसात ठिबकची नळी एका जागी फुटून पाणी उडत होतं. चाकू काढला, फुटका तुकडा छाटला, जोड बसवला. पातं पुसलं, बोट पाहिलं आणि मिटलं.