'तोल जाऊन पडला' म्हणजे काय?

उन्हाळा लागला की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची एक बातमी येते. सोसायटीच्या जलतरण तलावात खेळता खेळता तोल जाऊन पडल्याने बालकाचा मृत्यू. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली. मूल कुणाचे, हे शेवटच्या ओळीत कळते. बरेचदा ते वॉचमनचे असते, माळ्याचे असते, नाहीतर धुणीभांडी करणाऱ्या बाईचे. जे मूल वाचते त्याची तर चार ओळींची बातमीही होत नाही.

आम्हाला आज या वाचलेल्यांविषयी बोलायचे आहे. पाण्याखाली चार-पाच मिनिटे प्राणवायू मिळाला नाही की मेंदूला इजा होऊ लागते. मूल जगते, पण बोलणे जाते, चालणे जाते, कधी आईला ओळखणेही जाते. सफाईसाठी रिकामा केलेला तलाव तर आणखी घातकी. शेवाळलेल्या टाइल्सवरून पाय घसरला की सहा फूट खाली डोके आदळते. मान मोडून मज्जारज्जू दुखावला की हातपाय कायमचे लुळे. आणि हा घसरणारा कोण? ठेकेदाराचा सफाई कामगार! हजेरीपटावर त्याचे नाव होते की नाही, इथूनच मग भांडण सुरू होते. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचे सारे करायला जी बायको घरी बसते तिचीही मजुरी बुडते. तिचा हिशेब कोण करतो?

तोल गेला म्हणे! तीन वर्षांच्या मुलाचा तोल जाणारच. प्रश्न तोलाचा नाही, कुंपणाचा आहे. कारखान्यातला धोकादायक खड्डा, टाकी, हौद झाकलाच पाहिजे किंवा त्याला कुंपण घातलेच पाहिजे, असे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३३ ने बजावले होते. म्हणजे उघड्या खड्ड्यात माणूस पडतो, हे या देशाच्या कायद्याला तेव्हाच ठाऊक होते. फ्रान्सने ३ जानेवारी २००३ च्या कायद्याने खाजगी तलावांना कुंपण, आच्छादन, छत किंवा धोक्याची घंटा यांपैकी एक सक्तीचे केले. न करणाऱ्याला ४५ हजार युरोपर्यंत दंड. आमच्याकडे पुष्कळ ठिकाणी काय असते? 'नोकरांना प्रवेश नाही' ही पाटी. ज्याला अजून वाचताच येत नाही त्या मुलाला ती कशी अडवणार?

आणि ज्या पाण्यात उतरायची मनाई, त्यात पोहायला शिकणार तरी कसे? अमेरिकेतल्या काळ्या बांधवांचे असेच झाले. तलाव काळ्यांनाही खुले करावे लागणार असे दिसताच मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहराने सार्वजनिक तलाव बंदच करून टाकले, आणि १९७१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते चालवूनही घेतले. पुढे १९९९ ते २०१० या काळाची सरकारी आकडेवारी निघाली, तेव्हा ५ ते १९ वयाची काळी मुले जलतरण तलावात गोऱ्या मुलांच्या साडेपाच पट प्रमाणात बुडून मेलेली दिसली. बंदी तर कधीच उठली होती!

आपल्या वस्तीतल्या प्रत्येकाला एवढे तरी ठाऊक हवे. बुडालेल्याला उलटे टांगून, पोट दाबून पाणी काढण्याचा खटाटोप करू नये. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी. डोक्यावर पडलेल्याची मान हलू देऊ नये, त्याला फळीवर सरळ ठेवून न्यावे.

आणि पोलीस ठाण्यात गप्प बसू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये बेपर्वाईने झालेल्या मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बेपर्वाईमुळे गंभीर दुखापत झाली तर कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत. 'तोल गेला' एवढ्यावर सही करू नका. तलावाला कुंपण होते का, फाटक उघडे होते का, खोली कुठे लिहिली होती का, जीवरक्षक कुठे होता, हे सारे त्याच दिवशी पंचनाम्यात लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी गेलात तर कुंपण उभे झालेले दिसेल.